सिंगापूर–न्यूयॉर्क थेट विमान: अंतर १५,३४९ किमी, मग प्रत्येक ठिकाणी वेळ वेगळी का दिसते?

पांथस्थ

सिंगापूर (चांगी) ते न्यूयॉर्क (जॉन एफ. केनेडी, पुढे नुसतं जेएफके) या थेट विमानाचं अंतर आणि वेळ शोधताना चार ठिकाणी चार आकडे मिळताहेत.

अंतर: एक साइट १५,३४९ सांगते. दुसरी ८,२८८ सांगते, पण पुढे एकक लिहीत नाही. स्प्रेडशीटमध्ये सूत्र घातलं तर १५,३४० येतं. आणि विमानाचा माग दाखवणाऱ्या साइटवर प्रत्यक्ष उडालेलं अंतर साडेसोळा हजारांच्या आसपास दिसतं.

वेळ: गणकयंत्र १७ तास म्हणतं, वेळापत्रकात पावणेएकोणीस तासांच्या जवळपास आहे, आणि मागाच्या साइटवर एक दिवस सव्वासतरा तर दुसऱ्या दिवशी अठरा.

यातला कुठला आकडा खरा धरायचा? कुठल्याही दोन लांबच्या विमानतळांसाठी स्वतः हिशेब करायचा तर कसा करायचा? आणि परतीच्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे +२ छापलेलं आहे. ती चूक आहे की खरंच दोन दिवस पुढची तारीख लागते?

---

अक्षांश

तुम्ही दिलेले अंतराचे चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच. आधी फक्त अंतराचं बघू.

१५,३४९ किमी आणि ८,२८८ हे एकच अंतर आहे. ८,२८८ हे सागरी मैल, म्हणजे नॉटिकल मैल. एक सागरी मैल १.८५२ किमीचा. साधा मैल १.६०९ किमीचा, त्यात हेच अंतर ९,५३७ भरतं. वैमानिकांच्या कागदपत्रांत सागरी मैल असतात, विमानकंपन्यांच्या पॉइंटांच्या योजनांत साधे मैल, आणि कित्येक साइट नुसतं 'मैल' लिहून मोकळ्या होतात. दोन्हींत १५ टक्क्यांचा फरक आहे. हिशेब नेमका १५ टक्क्यांनी चुकत असेल तर आधी एकक तपासा.

हे अंतर बृहद्वृत्तावरचं असतं. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदू जोडणारी सर्वांत आखूड वाट ती ही. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट कमानीसारखी वाकलेली दिसते, कारण तो नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो. खात्री करायची असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंमी, म्हणजे १ सेंमीला जवळजवळ ४२५ किमी. चांगीवर दोरा धरा, न्यूयॉर्कवर ताणा, मोजा. ३६ सेंमी भरेल. आणि दोरा उत्तर ध्रुवाला जवळजवळ चाटून जाताना दिसेल, कारण हे दोन विमानतळ रेखांशात १७८ अंशांनी वेगळे आहेत, जवळपास पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना. गणितानं काढलं तर ही वाट ध्रुवापासून साधारण २८० किमीवरून जाते.

आता सूत्र. निर्देशांक असे:

चांगी: उत्तर १.३५९२, पूर्व १०३.९८९२
जेएफके: उत्तर ४०.६३९७, पश्चिम ७३.७७८९

पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे. म्हणजे जेएफकेचा रेखांश −७३.७७८९. रेखांशांतला फरक १७७.७६८ अंश.

१) अक्षांशांतला फरक (३९.२८१) निम्मा करा, त्याचा साइन काढून वर्ग करा: ०.११२९७.
२) रेखांशांतला फरक निम्मा करा, साइनचा वर्ग: ०.९९९६२. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणा (०.९९९७२ आणि ०.७५८८२): ०.७५८३२.
३) दोन्हींची बेरीज ०.८७१२९, वर्गमूळ ०.९३३४३. त्याचा व्यस्त साइन ६८.९७६ अंश, दुप्पट १३७.९५२ अंश.
४) अंशांचे रेडियन करा: २.४०७७. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. गुणाकार १५,३४० किमी.

तुमच्या स्प्रेडशीटचं उत्तर हेच. वरचे ९ किमी पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे येतात. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांवर ६,३५७. ध्रुवाकडे पृथ्वी चपटी असल्यामुळे तिथे अक्षांशाचा एक अंश थोडा लांब असतो: विषुववृत्तापाशी ११०.६ किमी, ध्रुवापाशी १११.७ किमी. ही वाट ध्रुवाकडच्या भागातून जाते म्हणून लंबगोलावर मोजलेलं अंतर जास्त भरतं. ९ किमी म्हणजे विमानाला अर्ध्या मिनिटाचं अंतर. प्रवासाच्या कामासाठी गोलाचं सूत्र पुरेसं आहे.

चुका होतात त्या अशा. रेखांशाचं उणे चिन्ह विसरलं तर याच जोडीचं अंतर ५,३२१ किमी येतं, आणि आकडा शक्य कोटीतला वाटत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. ४०°३८′२३″ हे ४०.३८२३ नव्हे: मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३,६०० नं भागून मिळवायचं, ४०.६३९७ येतं. स्प्रेडशीटची साइन-कोसाइनची सूत्रं रेडियन मागतात, तिथे अंश घातले तर उत्तर निरर्थक येतं. आणि उत्तर कधीही २०,०१५ किमीपेक्षा जास्त आलं तर समजा की काहीतरी चुकलंय. पृथ्वीचा अर्धा घेर तेवढाच आहे.

शहराचं नाव टाइप करून अंतर काढत असाल तर विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह जरूर बघा. न्यूयॉर्कला जेएफके, नेवार्क, लाग्वार्डिया असे तीन मोठे विमानतळ. तिथे फरक किरकोळ पडतो, चांगी–नेवार्क फक्त ५ किमीनं कमी. पण सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडातही आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे आणि अमेरिकेच्या अलाबामातही.

---

वातकुक्कुट

अक्षांश यांनी अंतर नीट सोडवलं आहे, मी वेळेचं घेतो.

गणकयंत्राचे १७ तास कसे येतात बघा. लांब पल्ल्याचं आधुनिक विमान माख ०.८५ च्या आसपास उडतं. ११ किमीच्या वर प्रमाण वातावरणात ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमी असतो, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०३ किमी. १५,३४९ भागिले ९०३, उत्तर बरोब्बर १७ तास. यात वारा नाही, चढणं-उतरणं नाही, धावपट्टीपर्यंत जाणं नाही आणि वळसा नाही. यातलं काहीही शून्य नसतं.

सर्वांत मोठा भाग वाऱ्याचा. दोन्ही गोलार्धांच्या मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी १५० किमी ही नेहमीची गोष्ट, हिवाळ्यात ३०० च्या वरही जातो, आणि जपानच्या आसपास तो विशेष जोरात असतो. विमानाचे ९०३ किमी हे हवेच्या मानानं आहेत. जमिनीच्या मानानं वेग म्हणजे त्यात पाठचा वारा मिळवून किंवा समोरचा वारा वजा करून उरेल तो.

वाऱ्याची ताकद किती ते एका विक्रमावरून कळेल. फेब्रुवारी २०२० मध्ये एक बोइंग ७४७ जेएफकेहून लंडन हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. अंतर सुमारे ५,५५० किमी, एरवी पूर्वेकडे साडेसहा-सात तास लागतात. वादळामुळे जेट प्रवाह इतका तेज होता की जमिनीच्या मानानं वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला. विमानानं ध्वनीची मर्यादा ओलांडली असं मात्र नाही, हवेच्या मानानं ते नेहमीच्याच वेगानं उडत होतं. त्याच मार्गावर पश्चिमेकडे येताना आठ तासांच्या आसपास धरावे लागतात.

जाताना जेवढा वेळ वाचतो तेवढाच येताना जातो आणि फिटंफाट होते, असं वाटणं साहजिक आहे. होत नाही. १०,००० किमी, वेग ९००, वारा शून्य: जाऊन-येऊन २२ तास १३ मिनिटं. ताशी १०० किमी वारा असेल तर जाताना १० तास, येताना १२ तास ३० मिनिटं, एकूण साडेबावीस. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठं असतं.

आता तुमच्या मार्गाकडे. नकाशावरची सर्वांत आखूड वाट थायलंडचं आखात, चीन, मंगोलिया, सायबेरिया, ध्रुव आणि कॅनडा अशी जाते. सिंगापूरहून निघालेलं विमान मात्र बहुतेक वेळा जपानच्या बाजूनं पॅसिफिकवर जातं आणि अलास्का-कॅनडाकडून न्यूयॉर्कला उतरतं, कारण पाठचा वारा तिथे मिळतो. उदाहरणादाखल मार्ग १६,५०० किमीचा आणि पाठचा वारा सरासरी ताशी ६० किमी धरा. वेग ९६३, वेळ १७ तास ८ मिनिटं. साडेअकराशे किमी जास्त उडून, वारा नसताना आखूड वाटेला लागली असती त्यापेक्षा फक्त आठ मिनिटं जास्त. मार्ग आखणारे लोक किलोमीटर वाचवत नाहीत, ते वेळ आणि इंधन वाचवतात. मागाच्या साइटवर दिसलेले साडेसोळा हजार हेच.

या १७ तास ८ मिनिटांत पुढचं मिळवत जा:

चढताना आणि उतरताना वेग कमी असतो (अमेरिकेत १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांची, मर्यादाच आहे), त्याचे १० ते १५ मिनिटं. हवेतली वेळ १७ तास २० मिनिटांच्या पुढेमागे आली.
दरवाज्यापासून धावपट्टीपर्यंत आणि रांगेत थांबणं, २० मिनिटं. मोठ्या गर्दीच्या विमानतळावर सायंकाळी हेच दुप्पट होतं.
उतरल्यावर दरवाज्यापर्यंत, १० ते १५ मिनिटं.

आता १७ तास ५५ मिनिटं झाली. वेळापत्रकात पावणेएकोणीस तास छापतात कारण वारा रोज तेवढा साथ देत नाही. कंपनीला अख्ख्या हंगामासाठी एकच आकडा द्यावा लागतो, आणि बहुतेक दिवशी विमान वेळेत पोचेल असा तो बेतलेला असतो.

म्हणून तुमच्या वेळेच्या तीन आकड्यांचा निकाल असा: गणकयंत्राचे १७ तास म्हणजे वारा नसलेली आदर्श स्थिती. मागाच्या साइटवरचे सव्वासतरा ते अठरा म्हणजे चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतची वेळ. वेळापत्रकातली वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, निघतानाच्या दरवाज्यापासून पोचतानाच्या दरवाज्यापर्यंत. पुढची गाडी, पुढचं विमान, औषधाच्या वेळा, सगळं ब्लॉक टाइमवर बेता.

परतीचा मार्ग आणखी बदलता असतो. कधी पॅसिफिकवरून उलट, तर कधी न्यूयॉर्कहून पूर्वेलाच अटलांटिक आणि युरोपवरून. जेट प्रवाह समोरून घेण्यापेक्षा लांबून पाठीवर घेणं परवडतं तेव्हा तसं करतात.

---

वाटसरू_४७

पांथस्थ यांच्या प्रश्नाला जोडून: माझ्याकडे दोन पर्याय आहेत, थेट आणि फ्रँकफर्टला थांबून. थांब्यामुळे अंतर किती वाढतं, आणि वेळ इतकी का वाढते?

---

अक्षांश

@वाटसरू_४७, अंतर वाटतं तेवढं वाढत नाही. चांगी–फ्रँकफर्ट सुमारे १०,२८० किमी, फ्रँकफर्ट–जेएफके ६,१९० किमी, बेरीज १६,४७०. थेट अंतरापेक्षा सुमारे १,१२० किमी म्हणजे सव्वासात टक्के जास्त. उडण्याच्या हिशेबात सव्वा तास.

बाकीचा वेळ थांब्याचाच. पुन्हा एकदा उतरणं, दरवाज्यापर्यंत जाणं, इंधन भरणं, सफाई, रांग, पुन्हा चढणं. तेच विमान पुढे जात असलं तरी यात दोनएक तास जातात. त्यात फ्रँकफर्टहून न्यूयॉर्कला जाणं म्हणजे पश्चिमेकडे, समोरच्या वाऱ्यात. सगळं धरून चोवीस तासांच्या घरात जातं. विमान बदलायचं असेल तर त्या विमानतळाचा किमान जोडवेळ बघा. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर तिकीट देतानाच तो पाळला जातो. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान काढणं, परत देणं, व्हिसा हे सगळं तुमच्यावर येतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही.

थेट विमान एवढं लांब उडवणं हे सोपं काम नाही, हेही लक्षात घ्या. २००४ ते २०१३ या काळात सिंगापूर एअरलाइन्स चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० नं नेवार्कला जात होती, नंतर ती सेवा बंद झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ए३५०-९००यूएलआर या दोन इंजिनांच्या विमानानं ती पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये जेएफकेची सुरू झाली. त्या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि जागा फक्त १६१. निघताना विमान इतकं जड असतं की लगेच वर चढू शकत नाही. खालच्या उंचीवर सुरुवात करून इंधन जळत जाईल तसं पायरी-पायरीनं वर जातं. वाटेत नकाशावर उंची बदलताना दिसली तर ती याचमुळे.

---

निरभ्र

वातकुक्कुट यांच्या लिखाणात मार्ग बदलण्याचं कारण फक्त वारा असं वाचल्यासारखं वाटतंय. वारा मोठा भाग आहे हे मान्य, पण एकमेव नाही. लांबच्या मार्गांवर आज सर्वांत जास्त तास हवाई हद्दीमुळे वाढलेत.

फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश अनेक देशांच्या कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी–टोकियो हे त्याआधी सायबेरियावरून साडेनऊ-दहा तासांत व्हायचं. ते आता तेरा तासांच्या आसपास गेलं आहे, कारण विमानाला एकतर उत्तर ध्रुवावरून वळसा घ्यावा लागतो किंवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे. लंडन–टोकियोचे बाराचे चौदा झाले. या सगळ्यांत विमानतळांमधलं बृहद्वृत्तावरचं अंतर एक किलोमीटरनंही बदललेलं नाही. म्हणून जुन्या लेखांतल्या किंवा २०२२ पूर्वीच्या वेळा युरोप–पूर्व आशिया मार्गांसाठी वापरू नका.

ध्रुवावरून जाण्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. बाहेरची हवा उणे ६० च्या खाली असली की टाकीतलं इंधन हळूहळू गार होत जातं. जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७, अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए चा उणे ४०. इंधनाचं तापमान मर्यादेच्या जवळ आलं की खाली उतरावं लागतं किंवा वेग वाढवावा लागतो. साधारण ८२ अंशांच्या वर विषुववृत्तावरचे स्थिर उपग्रह क्षितिजाखाली जातात, तेव्हा जुन्या उच्च वारंवारतेच्या रेडिओवर भिस्त ठेवावी लागते, आणि सौरवादळात नेमका तोच बिघडतो.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन: एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांच्या आत पोचता येईल असा पर्यायी विमानतळ मार्गभर हवा. आजच्या विमानांना ३३० मिनिटं आणि त्याहून जास्तीचीही परवानगी मिळू शकते, पण दक्षिण पॅसिफिक आणि अंटार्क्टिकाच्या बाजूला विमानतळच इतके विरळ आहेत की तिथे वाट अजूनही वाकवावी लागते.

आता +२ बद्दल, ते राहून गेलंय. तिकिटावर चूक नाही.

दोन्हीकडच्या वेळा नेहमी स्थानिक छापतात. त्या थेट वजा करायच्या नाहीत. तीन पायऱ्या: निघण्याची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा, त्यात ब्लॉक टाइम मिळवा, मग पोचण्याच्या ठिकाणच्या वेळेत न्या. सिंगापूर वर्षभर यूटीसी +८. न्यूयॉर्क हिवाळ्यात −५, उन्हाळी वेळेत −४ (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत).

हिशेबापुरत्या वेळा घेऊ. जुलैच्या १० तारखेला जेएफकेहून रात्री २२:३० ला निघालं. यूटीसीत ११ तारखेचे ०२:३०. त्यात १८ तास ५० मिनिटं मिळवली, ११ तारखेचे २१:२०. सिंगापूरसाठी ८ तास पुढे, १२ तारखेची पहाट, ०५:२०. दहाला निघून बाराला पोच, म्हणून +२. अकरा तारीख हरवत नाही, ती विमानातच जाते.

जाताना उलटं. सिंगापूरहून १० जुलैला पहाटे ०२:०० ला निघालं, म्हणजे यूटीसीत ९ तारखेचे १८:००. अधिक १८ तास ४० मिनिटं, १० तारखेचे १२:४०. न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ०८:४०. घड्याळात फक्त ६ तास ४० मिनिटं सरल्यासारखी दिसतात, शरीराला पावणेएकोणीस तास झालेले असतात. रात्री दोनच्या विमानाबाबत तारखेची चूक फार होते. '१० तारखेचं पहाटे दोनचं विमान' म्हणजे विमानतळावर ९ तारखेच्या रात्री पोचायचं.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तर पोचण्याची वेळ निघण्याच्या आधीचीही येते. जानेवारीत ऑकलंड यूटीसी +१३, लॉस एंजेलिस −८, फरक २१ तासांचा. उड्डाण बारा तासांचं असेल तर घड्याळात नऊ तास आधी पोचता.

---

वातकुक्कुट

निरभ्र यांची दुरुस्ती योग्य आहे. मी वारा आणि हवाई हद्द वेगळे लिहायला हवे होते.

सध्या एखाद्या मार्गाला खरोखर किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर मागाच्या साइटवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागचे १०-१५ दिवस काढा, उतरत्या क्रमानं लावा आणि मधला आकडा घ्या. एकाच दिवसावर जाऊ नका. दोन दिशा वेगळ्या ठेवा. हंगामही वेगळे ठेवा: जागतिक वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आणि ब्लॉक टाइम तेव्हाच बदलतात. उडालेल्या अंतराचा आकडा मात्र जपून घ्या. विमानाचे संकेत पकडणारी जमिनीवरची यंत्रं समुद्रावर नसतात, तिथे उपग्रहाची माहिती मिळाली नाही तर साइट दोन बिंदूंमध्ये अंदाजानं रेघ ओढते.

एवढं करायचं नसेल तर ढोबळ नियम: बृहद्वृत्तावरचे किमी भागिले ८५०, अधिक ४० मिनिटं. तुमच्या मार्गाला १८ तास ३ मिनिटं अधिक ४०, म्हणजे १८:४३. वेळापत्रकाशी जुळतं. मध्य अक्षांशांवर सरळ पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गाला यात पाच-सात टक्के वाढवा, पूर्वेकडे जाणाऱ्याला तितकेच कमी करा. उत्तर-दक्षिण मार्गाला काही करू नका. बंद हवाई हद्द आडवी येत असेल तर हा नियम वापरूच नका.

---

मैलाचा_दगड

कुठला आकडा कुठे चालतो याचं कागदोपत्री उत्तर देतो, कारण लोक माग काढून मिळालेलं अंतर नुकसानभरपाईच्या अर्जात लिहितात आणि ते चालत नाही.

विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर भरपाई देण्याच्या युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात १,५०० आणि ३,५०० किमी या मर्यादा बृहद्वृत्तावरच्या अंतरानं ठरतात. मध्ये थांबा असला तरी सुरुवातीपासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचं थेट अंतर धरतात, तुकड्यांची बेरीज नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना (आयकाओ) कार्बनचा हिशेब करताना बृहद्वृत्तावरच्या अंतरात वळशांसाठी ठरावीक भर घालते: ५५० किमीच्या आत ५०, ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५ किमी. तुमच्या मार्गावरचा खरा वळसा हजार किमीचा असला तरी तिथे १२५ च मिळवायचे.

---

पांथस्थ

सगळ्यांचे मनापासून आभार. +२ चा गोंधळ पूर्ण मिटला.

पद्धत जमली का बघण्यासाठी पर्थ–लंडन हीथ्रो घेतलं. पर्थ ३१.९४०३, ११५.९६६९. हीथ्रो ५१.४७७५, −०.४६१४. पश्चिमेचं उणे चिन्ह लावलंय. उत्तर ८,८६३ किमी. ८५० नं भागून ४० मिनिटं मिळवली तर ११ तास ६ मिनिटं. पण हे विमान सतरा तासांच्या वर घेतं. सहा तास कुठे गेले? हवाई हद्दीचा वळसा एवढा मोठा असेल का?

---

अक्षांश

वळसा नाही, पर्थच्या अक्षांशाचं उणे चिन्ह राहिलंय. पर्थ दक्षिण गोलार्धात आहे: −३१.९४०३. तुमचं पर्थ चीनच्या पूर्व भागात जाऊन बसलं. चिन्ह दिलं की १४,५०८ किमी येईल. ढोबळ नियमानं १७ तास ४४ मिनिटं.

लंबगोलावर हे अंतर १४,४९९ आहे, म्हणजे इथे गोलाचं सूत्र ९ किमी जास्त देतं आणि सिंगापूर–न्यूयॉर्कला ९ किमी कमी देत होतं. कारण तेच: ही वाट विषुववृत्त ओलांडते, तिथे अक्षांशाचा अंश आखूड असतो.

---

वातकुक्कुट

आणि दिशा बघा. पर्थहून लंडनला जाताना साधारण साडेसतरा तास, लंडनहून पर्थला येताना पावणेसतरा. वाऱ्याचा एवढा फरक एकदा फार ठळकपणे दिसला होता. मार्च २०१८ मध्ये क्वांटासनं हा मार्ग बोइंग ७८७-९ नं सुरू केला. एप्रिल २०२४ मध्ये इराणच्या बाजूची हवाई हद्द टाळावी लागली आणि वाट लांबली. तेव्हा पर्थहून निघणारं विमान काही काळ सिंगापूरला इंधनासाठी उतरवावं लागलं. लंडनहून परतणारं विमान मात्र थेटच येत राहिलं, कारण त्याला पाठचा वारा होता.